समजून घ्या : ‘हवा किती ठेवू?’ या प्रश्नाचे उत्तर पंपावर नाही, गाडीवरच लिहिलेले असते

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात हवेच्या यंत्रापाशी दुचाकी थांबते. हवा भरणारा मुलगा नळी ओढत विचारतो, ‘किती ठेवू?’ उत्तर ठरलेले असते, ‘ठेव नेहमीएवढी.’ ही ‘नेहमीएवढी’ म्हणजे किती, हे चालकाला माहीत नसते आणि त्या मुलालाही नसते. यंत्रावर आधीच्या कारसाठी लावलेला आकडा तसाच असतो. तोच पुढच्या चाकाला लागतो, तोच मागच्या. अर्ध्या मिनिटात काम संपते आणि गाडी निघते.

या अर्ध्या मिनिटात जे ठरते, त्यावर पुढचे पंधरा दिवस ब्रेकची पकड, वळणावरचा तोल, टायरचे आयुष्य आणि मागे बसलेल्या माणसाची सुरक्षितता अवलंबून असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. या मृत्यूंमागे वेग, हेल्मेट नसणे, रस्त्यांची अवस्था अशी अनेक कारणे आहेत. खड्डा, पाऊस, समोरून चुकीच्या बाजूने येणारे वाहन या गोष्टी चालकाच्या हातात नसतात. टायरमधली हवा मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते. तरीही तीच सर्वात जास्त अंदाजावर सोडली जाते.

योग्य आकडा नेमका कुठे असतो?

प्रत्येक दुचाकीसाठी हवेचा दाब कंपनीने ठरवून दिलेला असतो. तो गाडीवर एका छोट्या स्टिकरवर छापलेला असतो. मोटरसायकलवर हे स्टिकर बहुधा चेन कव्हरवर किंवा मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यावर असते, तर स्कूटरवर सीटखाली किंवा समोरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला. चिखलाने किंवा धुण्याने ते पुसले गेले असेल, तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत तोच तक्ता असतो. पुस्तिका हरवली असेल तर ती कंपनीच्या संकेतस्थळावर सहसा मिळते.

या तक्त्यात साधारणपणे तीन आकडे असतात : पुढच्या चाकाचा, मागच्या चाकाचा एकट्यासाठी आणि मागच्या चाकाचा दोघांसाठी. समजा, स्टिकरवर पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ पीएसआय असे लिहिले आहे. मग त्या गाडीपुरते हेच उत्तर. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. वजन, चाकाचा आकार, टायरची रुंदी आणि सस्पेन्शन बदलले की आकडाही बदलतो. त्यामुळे ‘बाइकला तीस-पस्तीस चालते’ हा सल्ला एखाद्या गाडीच्या मागच्या चाकाला बरोबर ठरेल आणि त्याच गाडीच्या पुढच्या चाकाला चुकीचा.

अनेकांची गाडी अडते ती एककावर. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब. काही स्टिकरवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर असते, काहींवर किलोपास्कल, तर काही गेजवर बार. हिशेब सोपा आहे : १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. म्हणजे स्टिकरवर २.०० किलो लिहिले असेल तर २८ पीएसआय, २.२५ किलो असेल तर ३२. किलोपास्कलमध्ये २०० म्हणजे २९ पीएसआय आणि २५० म्हणजे ३६.

टायरवर छापलेला आकडा का चालत नाही?

टायरच्या बाजूच्या भिंतीवरही एक दाब छापलेला असतो, उदाहरणार्थ ४१ पीएसआय. तो वाचून ‘कंपनीनेच ४१ सांगितले आहे’ असा समज होतो. पण हा आकडा टायर बनवणाऱ्याचा आहे, गाडी बनवणाऱ्याचा नाही. त्याचा अर्थ इतकाच, की या टायरला पेलवणारे सर्वात जास्त वजन वाहायचे असेल तर थंड असताना एवढा दाब लागेल. तो टायर कोणत्या गाडीला बसणार, हे टायर कंपनीला माहीत नसते. एकच मापाचा टायर हलक्या आणि जड अशा दोन वेगळ्या गाड्यांना बसू शकतो.

मापाशेजारी ‘४८पी’ किंवा ‘५२पी’ असेही काही लिहिलेले असते. तो हवेचा आकडा नाही. त्यातला ४८ हा वजनाचा सांकेतिक क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ १८० किलो असा होतो, तर ५२ म्हणजे २०० किलो. ‘पी’ हे वेगाचे चिन्ह असून त्याचा अर्थ ताशी १५० किलोमीटरपर्यंत. नवा टायर घेताना हे आकडे कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नसावेत, एवढे पाहणे पुरते.

पुढे कमी आणि मागे जास्त, असे का?

याचे उत्तर वजनात आहे. टायर वजन पेलत नाही, ते मुख्यत्वे आतली हवा पेलते. रस्त्याला टेकलेला टायरचा तुकडा जेवढा मोठा, तेवढ्यावर हवेचा दाब काम करतो. उदाहरण घेऊ. पेट्रोलसह १४० किलोची मोटरसायकल आणि ७० किलोचा चालक मिळून २१० किलो झाले. त्यातले साधारण १२० किलो मागच्या चाकावर आणि ९० किलो पुढच्या चाकावर येतात असे धरले, तर २८ पीएसआयला, म्हणजे २ किलो प्रति चौरस सेंटीमीटरला, मागचा टायर रस्त्याला सुमारे ६० चौरस सेंटीमीटर टेकेल. टायरच्या रबराचा कडकपणाही थोडे वजन उचलतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण त्यातून अंदाज येतो : हा तुकडा पत्त्यातल्या एका पानाएवढा असतो. पुढचाही तेवढाच. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी, तिचा ब्रेक आणि वळण हे सारे या दोन पानांवर चाललेले असते.

आता मागे ६० किलोची व्यक्ती बसली. तिचे वजन दोन्ही चाकांत सारखे वाटले जात नाही. ती जवळजवळ मागच्या चाकाच्या वरच बसते, त्यामुळे पन्नासहून अधिक किलो एकट्या मागच्या टायरवर येतात. १२० चे १७५ झाले. पुढच्या चाकावर मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणूनच स्टिकरवर मागचे आकडे दोन आणि पुढचा बहुतेक वेळा एकच असतो. रोज मागे पत्नी, मुलगा किंवा सहकारी बसत असेल, तर दोघांसाठीचा आकडा हीच त्या गाडीची रोजची हवा. एकट्याचा आकडा ठेवून रोज दोघांनी फिरणे म्हणजे रोज कमी हवेवर फिरणे.

हवा कमी असली तर काय बिघडते?

सर्वात मोठा शत्रू उष्णता. मोटरसायकलचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगात सेकंदाला आठ-नऊ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत रस्त्याला टेकताना दबते आणि सुटताना सरळ होते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते आणि प्रत्येक वेळी जास्त तापते. ही उष्णता आतले धाग्यांचे थर आणि रबर यांची पकड सैल करते. लांबच्या रस्त्यावर, उन्हात, भरल्या गाडीवर एखादा टायर ‘अचानक’ फुटतो, तेव्हा त्याची तयारी बऱ्याचदा आठवडाभर आधी कमी हवेने केलेली असते.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर टायर फुटण्याच्या अपघातांची राज्यात बरीच चर्चा झाली. त्या महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, पण चर्चेतून ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाही तर टायर फुटतो’ हा जुना समज पुन्हा पक्का झाला. प्रत्यक्षात कमी हवेचा टायर जास्त तापतो. चांगल्या स्थितीतला टायर उन्हाने वाढणारा चार-पाच पीएसआय दाब सहज पेलतो. तो हिशेब धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो.

कमी हवेचे बाकीचे परिणाम रोजच्या वापरात दिसतात. हँडल जड वाटते. वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. खड्ड्यात टायर पूर्ण दबून रिमचा घाव बसतो आणि अलॉय व्हील वाकते किंवा त्याला चीर जाते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि खिळा न लागताही पंक्चर होते. हवा फारच कमी असेल, तर ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळातून फाटतो. पंक्चरवाला ‘ट्यूबच बदलावी लागेल’ म्हणतो तेव्हा कारण बऱ्याचदा हेच असते.

मग थोडी जास्तच भरलेली बरी?

‘जास्त हवा, जास्त मायलेज’ हे दुचाकीवरचे सर्वात लोकप्रिय गणित आहे. त्यात तथ्य आहे, पण किती? अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने कारसाठी दिलेल्या अंदाजानुसार सर्व टायरमधला सरासरी दाब १ पीएसआयने घटला, तर इंधनाची बचत सुमारे ०.२ टक्क्याने घटते. दुचाकीचा आकडा थोडा वेगळा असेल, तरी प्रमाण कळते. दाब १० पीएसआयने इकडेतिकडे झाला तर फरक दोन टक्क्यांचा, म्हणजे लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीत एक किलोमीटर. या एका किलोमीटरसाठी पत्त्याच्या पानाएवढी पकड आणखी लहान करणे हा तोट्याचा सौदा आहे.

जास्त हवेने टायर मधोमध फुगतो. रस्त्याला टेकणारा तुकडा आक्रसतो आणि मधला पट्टा लवकर झिजतो. प्रत्येक गतिरोधकाचा दणका थेट कमरेला बसतो. खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते आणि चाक हवेत असताना ब्रेक काहीच करू शकत नाही. ओल्या रस्त्यावर, सांडलेल्या वाळूवर किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या गुळगुळीत पट्ट्यांवर गाडी घसरते ती अशा वेळी. अचानक ब्रेक मारला की मागे बाजूला पाय सोडून बसलेल्या व्यक्तीला सावरायला वेळच मिळत नाही.

टायरची झीज हा याचा चांगला पुरावा असतो. मधला पट्टा गुळगुळीत आणि कडा नव्या दिसत असतील, तर हवा बराच काळ जास्त असावी. दोन्ही बाजू झिजल्या आणि मध्ये नक्षी शाबूत असेल, तर कमी. सरळ रस्त्यावरच चालणाऱ्या दुचाकीत मधला भाग थोडा आधी झिजणे स्वाभाविक आहे, पण फरक ठळक असेल तर स्टिकरकडे पाहण्याची वेळ आली आहे. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. तीच शिल्लक नसेल तर हवेचा कोणताही आकडा कामाचा नाही.

पावसाळ्यात हवा कमी करावी का?

पावसात पकड वाढावी म्हणून हवा सोडणारे बरेच आहेत. कोरड्या मातीत किंवा कोकणातल्या किनाऱ्याच्या वाळूत हवा कमी केल्याने चाक रुतत नाही, हे खरे. पण तो हळू वेगाचा, थोड्या वेळाचा उपाय आहे आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरावी लागते. ओल्या डांबरावर गोष्ट उलटी आहे. टायरवरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. हवा कमी झाली की टायर चपटा होतो, खाचा मिटतात आणि पाणी टायरखालीच राहते. पावसाळ्यासाठी वेगळा आकडा नाही. जो स्टिकरवर आहे, तोच. पावसाळ्यात बदलायचा तो वेग.

‘थंड टायर’ ही काय भानगड आहे?

स्टिकरवरचा आकडा नेहमी थंड टायरचा असतो. थंड म्हणजे फ्रिजसारखा नव्हे. गाडी काही तास सावलीत उभी असेल, किंवा जेमतेम एखादा किलोमीटर हळू चालवली असेल, तर टायर थंड धरतात. चालवल्यावर हवा तापते आणि दाब वाढतो. अंदाजे दर १० अंश सेल्सिअसला दीड पीएसआयच्या आसपास. नागपुरात जानेवारीच्या पहाटे १२ अंशाला २८ पीएसआय भरलेला टायर मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशाला न चालवताही ३३ च्या जवळ दाखवेल. उलट, मे महिन्यात भरून सोडून दिलेल्या टायरला हिवाळ्यात हवा कमी पडणार हे नक्की. म्हणून ऋतू बदलला की तपासणी हवीच.

खरी अडचण पुढे आहे. पंप घरापासून चार किलोमीटरवर, मग टायर थंड राहणार कसा? आणि गरम टायरवर ३१ दिसले म्हणून पंपावरच्या मुलाने हवा सोडून २८ केली, तर रात्री टायर थंड झाल्यावर त्यात २५ च उरते. गरम टायरमधली हवा कधीही कमी करू नये, हा पहिला नियम.

दुसरा नियम असा की पंपावर आकडा नव्हे, फरक न्यावा. सकाळी घरीच, गाडी थंड असताना स्वतःच्या गेजने दाब मोजावा. समजा, मागच्या टायरला २८ हवे आणि गेजवर २२ दिसले. फरक ६. आता पंपावर पोहोचल्यावर तोच गेज लावावा. टायर तापून २४ दाखवत असेल, तर त्यात ६ मिळवून ३० पर्यंत हवा भरावी. टायर थंड झाल्यावर तो आपोआप २८ च्या आसपास येतो. गेज एकच वापरल्याने पंपाचा काटा खोटा असला तरी हिशेब बिघडत नाही. साधा गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि तो सीटखाली मावतो. बोटाने टायर दाबून बघणे किंवा लाथ मारून अंदाज घेणे याला काही अर्थ नाही. टायरची भिंत कडक असेल तर १८ आणि २८ मधला फरकही बोटाला कळत नाही.

ट्यूबलेस आणि नायट्रोजन यांचे काय?

ट्यूबलेस टायरला वेगळा आकडा लागत नाही. फरक इतकाच, की ट्यूबमधली हवा खिळा लागताच भसकन जाते, तर ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून बसतो आणि हवा दिवसेंदिवस हळूहळू झिरपते. हा त्याचा फायदा आहे आणि धोकाही. पंक्चर झालेय हे कळतच नाही आणि चालक आठवडाभर १५ पीएसआयवर फिरतो. दर वेळी एकाच टायरची हवा कमी होत असेल, तर नुसती हवा भरत राहू नये, टायर पाण्यात बुडवून घ्यावा. वॉल्व्हवर साबणाचे पाणी लावले की पिन गळते का हेही लगेच कळते. पंक्चरवाले यासाठी थुंकीही वापरतात. वॉल्व्हचे टोपण हरवू देऊ नये. ते धूळ अडवते आणि पिन गळू लागली तर हवेला दुसरा अडसर देते.

नायट्रोजनचा फायदा दुचाकीत नगण्य आहे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. कोरडा नायट्रोजन किंचित सावकाश झिरपतो आणि त्यात पाण्याची वाफ नसते, एवढेच. तो भरला म्हणून टायर तपासायची गरज संपत नाही. पैसे मोजून नायट्रोजन भरणे आणि मग तीन महिने गेज न लावणे, यापेक्षा दर पंधरा दिवसांनी फुकटची हवा तपासणे केव्हाही चांगले. आधी नायट्रोजन भरलेला असेल आणि वाटेत साधी हवा भरावी लागली, तरी काही बिघडत नाही.

घाटात किंवा लडाखला जाताना?

उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो आणि गेज हा आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. म्हणून उंचीवर गेजचा आकडा वाढतो. महाबळेश्वरसाठी ही वाढ दोन पीएसआयच्या आसपास. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीला भरलेला टायर तिथे केवळ उंचीमुळे पाचेक पीएसआय जास्त दाखवू शकतो. पण तिथली थंडी त्यातला मोठा भाग खाऊन टाकते. त्यामुळे घाटासाठी आधीच हवा कमी करून निघण्याची गरज नाही. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी थंड टायर मोजावा आणि स्टिकरच्या आकड्यावर आणावा.

तिघे जण, दुधाचे कॅन आणि डिलिव्हरीची बॅग

स्टिकरवर तिघांसाठीचा आकडा नसतो, कारण गाडी तिघांसाठी बनलेलीच नसते. टायरला जशी वजनाची मर्यादा असते तशी रिम, सस्पेन्शन आणि ब्रेकलाही असते. जास्त हवा भरून ती मर्यादा वाढत नाही. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावणारे, गॅस सिलिंडर नेणारे किंवा भाजीचे क्रेट बांधणारे अनेकांचे पोटच त्या गाडीवर असते. त्यांना ‘ओझे नेऊ नका’ म्हणणे सोपे आहे. पण निदान दोघांसाठीचा पूर्ण दाब मागच्या टायरमध्ये असणे आणि पुढच्यात अंदाजाने भर न घालणे, एवढे तरी करता येते. तो दाब ठेवूनही टायर दबलेला दिसत असेल, तर ओझे जास्त झाले आहे, हवा कमी नाही.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, पाठीवर किंवा मागच्या सीटवर बॅग, वेळेची घाई आणि टायरचा खर्च स्वतःच्या खिशातून. रोज एवढी धावणारी गाडी महिन्यातून एकदा नव्हे, आठवड्यातून एकदा तपासायला हवी. ज्या कंपन्या या मुलांच्या जोरावर ‘काही मिनिटांत घरपोच’ची जाहिरात करतात, त्यांनी आपल्या प्रत्येक केंद्रावर एक पंप आणि एक गेज ठेवला तर तो खर्च त्यांना जाणवणारही नाही.

जबाबदारी फक्त चालकाची आहे का?

नाही. तेल कंपन्यांच्या मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्सनुसार पेट्रोल पंपावर मोफत हवा ही ग्राहकाला द्यायची सुविधा आहे, मेहेरबानी नाही. प्रत्यक्षात कुठे यंत्रावर ‘बंद आहे’ची पाटी असते, कुठे नळी फाटलेली, कुठे हवा भरणारा माणूसच नसतो आणि कुठे दुचाकीवाल्याला ‘मागच्या पंक्चरच्या दुकानात जा’ असे सांगितले जाते. पंपावर तक्रार वही मागता येते, तेल कंपनीकडेही तक्रार करता येते. चार ग्राहकांनी एकाच यंत्राबद्दल लिहिले तर दुर्लक्ष करणे अवघड जाते.

पंपांनी आणखी एक साधी गोष्ट करावी. हवेच्या यंत्राशेजारी एक पाटी लावावी : ‘तुमच्या गाडीचा आकडा सांगा.’ हवा भरणाऱ्याने आकडा न विचारता नळी लावू नये, पुढच्या आणि मागच्या चाकासाठी यंत्रावरचा आकडा बदलावा आणि गरम टायरमधली हवा सोडू नये. यासाठी नवे यंत्र लागत नाही, दहा मिनिटांचे प्रशिक्षण लागते.

विक्रेत्यांचीही यात चूक आहे. नवी दुचाकी देताना शोरूममध्ये हार घातला जातो, पेढे वाटले जातात, फोटो काढला जातो, विम्याचे आणि जादा वॉरंटीचे कागद तपशिलाने समजावले जातात. चेन कव्हरवरचे ते स्टिकर मात्र कुणी दाखवत नाही. वाहन कंपन्यांनीही हे आकडे चिखल उडणाऱ्या कोपऱ्यात न छापता मीटरजवळ, रोज नजर जाईल अशा जागी छापायला हवेत. कारमध्ये हवा कमी झाल्यावर सूचना देणारी यंत्रणा आता अनेक मॉडेलमध्ये येते. दुचाकीत ती बहुतेक करून महागड्या गाड्यांपुरतीच आहे. ज्याला दोनच चाकांवर तोल सांभाळायचा आहे, त्याला ही माहिती सर्वात शेवटी मिळते, हे उफराटे आहे.

तोपर्यंत काय करावे?

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपतेच. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी काढण्याआधी, दोन्ही टायर मोजावेत. लांबच्या प्रवासाआधी आणि मागे कोणी बसणार असेल तेव्हा आवर्जून. जाड टायर बसवून घेतला असेल, तरी कंपनीचा आकडा हीच सुरुवात धरावी आणि टायरवरच्या कमाल आकड्याच्या पुढे कधी जाऊ नये. भरून झाल्यावर टोपण लावावे.

आणि आजच करण्यासारखे एक काम : खाली जाऊन गाडीवरचे स्टिकर शोधावे, मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा आणि त्यातले आकडे पाठ करावेत. मोबाइलचा पासवर्ड, बँकेचा पिन, घरातल्यांचे वाढदिवस जिथे लक्षात राहतात, तिथे आणखी तीन आकडे सहज मावतील. पुढच्या वेळी पंपावरचा मुलगा ‘किती ठेवू?’ विचारेल, तेव्हा ‘नेहमीएवढी’ म्हणायची गरज राहणार नाही. ‘पुढे पंचवीस, मागे बत्तीस’ असे त्या गाडीचे नेमके उत्तर तयार असेल.